आमच्या वेळेला आलेले युवराज

आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांच्या संस्थेचा इतिहास कागदावर कमी आणि माणसांच्या तोंडी जास्त आहे. खूण डब्यावर, हिशेब डोक्यात आणि शब्द एकमेकांना दिलेला, अशा रीतीने चाललेल्या धंद्यात दप्तर सांभाळण्याची सवय उशिरा लागली. त्यामुळे १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसे जमवून डबे पोचवण्याचे काम सुरू केले, एवढे सगळे एकमताने सांगतात. त्यामागची गोष्ट मात्र जो तो आपल्या पद्धतीने सांगतो. फोर्टात कामाला जाणाऱ्या एका पारशी गृहस्थाला दुपारी घरचेच जेवण हवे होते, म्हणून त्याने डबा आणायला माणूस ठेवला. त्याचे पाहून शेजारच्याने ठेवला, मग त्याच्या शेजारच्याने. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही, पण ती पटते. मुंबई उत्तरेकडे पसरत चालली होती, कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला होत्या, सकाळी निघणाऱ्या माणसाबरोबर ताजा स्वयंपाक देणे घरच्या बाईला शक्य नव्हते आणि बाहेरचे खाणे बहुतेकांच्या जातीधर्मात बसत नव्हते. गुजराती, पारशी, मराठी, दक्षिणी, प्रत्येकाच्या जिभेला आपापल्या घरचीच चव हवी होती.

माणसे आली ती खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी या पट्ट्यातून. पावसावर अवलंबून असलेली शेती, घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मुंबई एका दिवसाच्या वाटेवर. एकाने भाच्याला आणले, भाच्याने गावच्या मित्राला. आजही नव्या पोराला कामावर घेताना त्याच्या शिक्षणापेक्षा गाव आणि घर आधी विचारले जाते. बाहेरच्यांना हे जुनाट वाटते. पण अनोळखी माणसाच्या हाती रोज शेकडो घरांचे दार उघडायचे, तर ओळखीचा जामीन हाच सर्वांत स्वस्त आणि पक्का विमा होता.

सुरुवातीला डब्यांवर रंगीत दोरे आणि चिंध्या बांधत. गिऱ्हाइके वाढली तसे रंग पुरेनात, मग अक्षरे आणि आकडे आले. झाकणावर ‘ई’ असेल तर तो डबा घरून उचलणारा माणूस. ‘व्हीएलपी’ म्हणजे विलेपार्ले. मधला ठळक ‘३’ म्हणजे उतरायचा टापू. ‘९ ईएक्स १२’ म्हणजे नऊ नंबरचा पोचवणारा, एक्स्प्रेस टॉवर्स, बारावा मजला. गिऱ्हाइकाचे नाव कुठेच नसते, कारण डबा वाहणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. सकाळी नऊच्या सुमाराला घरोघर फिरून डबे उचलायचे, स्टेशनवर आणून वेगळे करायचे, लगेजच्या डब्यात क्रेट चढवायचे, उतरल्यावर पुन्हा वाटणी करायची आणि साडेबारा-एकपर्यंत ज्याचे त्याच्या टेबलावर. जेवण उरकले की रिकामे डबे त्याच वाटेने उलटे. एका क्रेटमध्ये पस्तीस-चाळीस डबे, वजन साठ किलोच्या पुढे, आणि ते डोक्यावर.

संस्थेला कायद्याचे रूप आले ते १९५६ साली, धर्मादाय ट्रस्ट म्हणून नोंदणी झाली तेव्हा. नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स ट्रस्ट हे ते नाव. पुढे १९६८ साली मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स असोसिएशन उभी राहिली. एकीकडे धर्मादाय काम, दुसरीकडे धंद्याचा कारभार, अशी ही वाटणी. नाव इंग्रजी, माणसे मावळातली आणि दैवत पंढरपूरचे. आळंदी, भीमाशंकर, जेजुरी येथे संस्थेच्या धर्मशाळा आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. डबेवाल्याच्या गाठीला पैसा आला की त्याला आधी देवाच्या दारी चार भिंती उभारायच्या असतात.

या संस्थेत मालक नाही आणि नोकरही नाही. वीस-पंचवीस जणांची एक टोळी, तिचा एक मुकादम, आणि मुकादमही स्वतः डबे वाहणारा. जो तो आपल्या लाइनचा भागीदार. कामावर पांढरी टोपी हवीच, नसेल तर दंड. न सांगतासवरता खाडा केला तरी दंड. चैत्रात गावच्या जत्रेसाठी पाच दिवस सगळी मुंबई बंद, म्हणजे आपली मुंबई. त्या पाच दिवसांत साहेब लोक काय खातात, याची चौकशी गावात बसून कुणी करत नाही.

आता युवराजांविषयी.

४ नोव्हेंबर २००३ रोजी ब्रिटनचे युवराज चार्ल्स मुंबईत होते आणि त्यांना डबेवाल्यांना भेटायचे होते. इंग्रजांच्या राजघराण्याची पाहुण्यांना भेटण्याची एक ठरलेली रीत आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून बकिंगहॅम राजवाड्याच्या मागच्या हिरवळीवर उन्हाळ्यात चहापान होते. एका दुपारी आठेक हजार पाहुणे बोलावलेले असतात. निमंत्रण राजवाड्याच्या कचेरीतून येते, पोशाख कसा असावा तेही कळवलेले असते. दुपारी चारला राजघराणे बाहेर येते, लष्करी बँड राष्ट्रगीत वाजवतो, पाहुण्यांच्या गर्दीतून वाटा पाडल्या जातात आणि त्या वाटांनी राजा-राणी सावकाश पुढे सरकतात. कुणाशी दोन शब्द बोलायचे, ते आधी हेरून ठेवलेले असते. बाकीचे चहा, सँडविच आणि केक खाऊन सहाच्या सुमाराला घरी जातात. पाहुण्याने तासन्‌तास थांबायचे आणि राजाने क्षणभर थबकायचे, असा तो व्यवहार.

चर्चगेट स्टेशनला तो उलटा झाला. भेट कुठे आणि कधी, हे आपल्याकडून ठरले. रघुनाथ मेदगे हे तेव्हा संस्थेचे अध्यक्ष. ते पुढे व्याख्यानांतून हा प्रसंग सांगत, आणि सांगताना त्यांचा भर एकाच गोष्टीवर असे: आम्ही म्हणालो, डबे चर्चगेटला उतरतात आणि पुढच्या वाटपाला निघतात, त्यामधली वीसेक मिनिटे आमच्यापाशी आहेत, त्या वेळेला साहेबांनी यावे. उद्धटपणा नव्हता त्यात. अकरा वीसला डबे उतरले आणि पावणेबाराला वाटेला लागले नाहीत, तर नरिमन पॉइंटला कुणाच्या तरी टेबलावर दुपारी एक वाजता काही नसणार, आणि त्याला ‘युवराज आले होते’ हे उत्तर चालणार नाही. राजघराण्याच्या दौऱ्यात दुसऱ्याच्या सवडीने वेळ ठरण्याचा प्रकार फारसा होत नसावा. युवराजांनी ती वेळ पाळली, याचे श्रेय मात्र त्यांना.

भेट झाली ती स्टेशनाबाहेर, फुटपाथवर. हिरवळ नाही, बँड नाही, चहाचा तंबू नाही. होते ते ओळीने लावलेले डबे, पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या आणि छायाचित्रकारांची झुंबड. युवराजांनी डबे पाहिले, झाकणांवरच्या खुणा समजावून घेतल्या, माणसांशी बोलले. दुभाषा लागला, पण डबा दाखवून सांगायला भाषा फार लागत नाही. वेळ झाली तशी माणसे डबे उचलून निघाली.

त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती, याची नोंद इंग्रजी वर्तमानपत्रांत कुठे आली नाही आणि येण्याचे कारणही नव्हते. पण आपल्या घरांत ती गोष्ट आधी सांगितली गेली असणार. एकादशी पाळणारे आपल्यात थोडे नाहीत. म्हणजे त्या फुटपाथवर भावी राजाला दुसऱ्याच्या जेवणाची व्यवस्था समजावून सांगणाऱ्यांपैकी कित्येकांच्या पोटात स्वतःचे जेवण नव्हते. आणि पंढरपुरात त्याच सकाळी चंद्रभागेच्या वाळवंटात लाखोंची दाटी होती. विठ्ठलाला वेळ देऊन बोलावावे लागत नाही, तो युगे अठ्ठावीस उभाच आहे, असे एखादा म्हातारा मुकादम म्हणाला असेल तर त्यात नवल नाही.

भेट वीस मिनिटांची. ती तिथेच संपली असती तर या स्मरणिकेत तिला दोन ओळी पुरल्या असत्या. मुंबईत पाहुणे पुष्कळ येतात, छायाचित्र काढून जातात, आणि पुन्हा त्यांचे नाव निघत नाही. इथे सव्वा वर्षाने निमंत्रण आले. फेब्रुवारी २००५ मध्ये चार्ल्स आणि कॅमिला पार्कर बोल्स यांचा विवाह ठरल्याचे जाहीर झाले आणि त्या लग्नाला डबेवाल्यांचे दोन प्रतिनिधी यावेत, असे बोलावणे संस्थेला आले. जगभरचे मुत्सद्दी, राजे, नट, गायक ज्या यादीत नाव लागावे म्हणून धडपडतात, त्या यादीत मावळातल्या दोन माणसांना जागा मिळाली.

जाणार कोण, हा प्रश्न आपल्यासारख्या संस्थेत साधा नाही. पाच हजार भागीदार, सगळे सारखे. मेदगे आणि सोपान मरे यांची नावे ठरली. अहेर काय न्यायचा, हे ठरवणे त्या मानाने सोपे होते, कारण आपल्याकडे लग्नाचा अहेर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे: नवरदेवाला फेटा, नवरीला नऊवारी. पैसे सगळ्यांनी मिळून काढले. राजपुत्राला द्यायचे म्हणजे भारी काहीतरी हवे, चांदीचे हवे, असे सुचवणारे शहाणे निघतातच. पण आपण देतो ते द्यावे, हा विचार टिकला, आणि तो योग्यच होता. राजवाड्यात चांदीला काय तोटा?

लग्न आधी शुक्रवार, ८ एप्रिलला होते. पण २ एप्रिलला पोप जॉन पॉल दुसरे यांचे निधन झाले, त्यांचा अंत्यविधी नेमका ८ तारखेला ठरला, युवराजांना राणीच्या वतीने रोमला जाणे भाग होते, आणि लग्न एक दिवस पुढे गेले. इंग्लंडमध्ये याची फार चर्चा झाली. आधी जागेवरून घोळ झालेला, राणी नोंदणी विवाहाला येणार नाहीत हे जाहीर झालेले, त्यात आता तारीखही बदलली, म्हणून तिथल्या वर्तमानपत्रांना हे लग्न अपशकुनी वाटू लागले होते. आपल्या पंचांगाकडे पाहिले असते तर त्यांना वेगळे चित्र दिसले असते. ८ एप्रिल २००५ ही फाल्गुन अमावास्या, आणि वर सूर्यग्रहणाचा दिवस, मग ते ग्रहण आपल्याकडून दिसो न दिसो. ९ एप्रिल हा गुढीपाडवा. अमावास्येवरचे लग्न एका दिवसाने सरकून साडेतीन मुहूर्तांतल्या एका मुहूर्तावर येऊन बसले. हे कुणी विंडसरला कळवले की नाही, कोण जाणे.

पाडव्याने आपलीही एक अडचण सुटली. ८ तारीख कामाचा शुक्रवार होता. ९ तारखेला शनिवार आणि वर पाडवा, कचेऱ्या बंद, डबे नाहीत. दोन माणसे विलायतेला गेली म्हणून मुंबईत कुणाचे जेवण अडले, असे म्हणायची सोय उरली नाही.

विंडसरच्या गिल्डहॉलमध्ये नोंदणी विवाह झाला तो घरच्या मोजक्या माणसांसमोर. त्यानंतर किल्ल्यातल्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी नवदांपत्याला आशीर्वाद देण्याचा विधी केला. मग किल्ल्यावर राणी एलिझाबेथ यांनी दिलेला स्वागत समारंभ. सोहळ्याचे पाहुणे आठशेच्या घरात. त्याच दिवशी ग्रँड नॅशनल ही मोठी घोड्यांची शर्यत होती, आणि लग्नाचे प्रक्षेपण आडवे येऊ नये म्हणून तिची वेळ थोडी पुढे ढकललेली. राणीला घोड्यांचा नाद. स्वागताच्या भाषणात त्यांनी दोन बातम्या सांगायच्या आहेत म्हणून सुरुवात केली, आणि पहिली बातमी होती कोणता घोडा जिंकला याची. हेजहंटर जिंकला होता. मग मुलाच्या सुखाविषयी बोलल्या. आपल्या गावाकडच्या लग्नातही वरबाप पाहुण्यांसमोर आधी पाऊसपाण्याचे बोलतो आणि मग घसा खाकरून मुद्द्यावर येतो. घरचे कार्य सगळीकडे सारखेच.

मेदगे आणि मरे परत आले तेव्हा विमानतळापासून गावापर्यंत कॅमेरे मागे लागले. त्यांनी काय खाल्ले, राणी कशा दिसतात, थंडी किती होती, हे प्रश्न महिनोन्‌महिने चालले. दोघांना लगेच आपापल्या कामाला लागावे लागले, याचे मात्र कुणाला विशेष वाटले नाही.

या भेटीने संस्थेचे काय झाले, हे प्रामाणिकपणे लिहायला हवे. प्रसिद्धी त्याआधीही मिळू लागली होती. १९९८ साली फोर्ब्ज या अमेरिकी नियतकालिकात आपल्यावर लेख आला होता आणि ‘सिक्स सिग्मा’ हे बिरूद त्या सुमारापासून आपल्याला चिकटले. कुणी म्हणते साठ लाखांत एक चूक, कुणी ऐंशी लाखांत एक, कुणी एक कोटी साठ लाखांत एक. दिवसाला दोन लाख डबे, जाणे-येणे धरून चार लाख खेपा, असा हिशेब केला तर शेवटच्या आकड्याप्रमाणे साऱ्या मुंबईत चाळीस दिवसांनी एक डबा चुकायला हवा. कोणताही मुकादम हे ऐकून गालातल्या गालात हसेल. चुका होतात. त्या दुपारी बाराच्या आत स्टेशनवरच सापडतात आणि जोडीदाराला हाक मारून निस्तरल्या जातात, म्हणून त्या गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. पण हे वाक्य पाहुण्यांपुढे भाषणात शोभत नाही, त्यामुळे आकडाच चालू राहिला. २०१३ साली ‘द लंचबॉक्स’ हा सिनेमा आला आणि त्याची सगळी कथाच एका चुकलेल्या डब्यावर उभी असल्याने आपल्यातले काही जण रागावले. त्याची गरज नव्हती. डबा चुकत नसता तर तो सिनेमाच झाला नसता.

विंडसरच्या लग्नानंतर व्याख्यानांची बोलावणी वाढली. व्यवस्थापन शिकवणाऱ्या मोठमोठ्या संस्थांत मेदगे आणि त्यांचे सहकारी हिंदी-मराठीत बोलले. २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलने आपल्या कामाचा अभ्यास छापला. डब्याचा महिन्याचा दर मात्र या कीर्तीने वाढला नाही. गिऱ्हाईक वर्तमानपत्रात आपले छायाचित्र पाहून खूश होते आणि दरवाढीचे नाव काढले की पूर्वीइतकेच घासाघीस करते. दिवाळीला एका महिन्याचा जादा पैसा देण्याची जुनी रीत चालू आहे, तीही सगळीकडे सारखी नाही.

पुढची वर्षे भराभर सांगतो. २००५ च्याच २६ जुलैला पावसाने लोकल बंद पडल्या आणि गाडीवर चालणारे आपले काम किती गाडीच्या हाती आहे, ते साऱ्या शहराला कळले. १९ ऑगस्ट २०११ रोजी अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून डबे बंद ठेवून आपण मोर्चा काढला. शतकभरात संपासाठी काम थांबवल्याचे ते पहिलेच उदाहरण म्हणून सांगितले जाते. मग २०२०चा मार्च. कचेऱ्या बंद, लोकल बंद, सोसायट्यांची फाटके बंद. पुष्कळ जण गावी गेले, काहींनी शेती धरली, काहींनी मिळेल ती नोकरी, आणि सगळे परत आले नाहीत. पाच हजार हा आकडा भाषणांत अजून ऐकू येतो, पण तो करोनापूर्वीचा आहे. घरून काम करणाऱ्या माणसाला डबा लागत नाही, आणि ज्याला लागतो त्याच्या फोनवर तासाभरात हॉटेलचे जेवण येते. नव्या पिढीतली मुले शिकली आहेत. डोक्यावर साठ किलो घ्यायला ती तयार नाहीत, आणि त्यांनी तयार असावे असा आग्रह त्यांच्या बापांचाही नाही.

राजघराण्याशी जुळलेले नाते या सगळ्यात टिकले, आणि ते टिकवले आपणच. २०१८ साली धाकटे राजपुत्र हॅरी यांचे लग्न झाले तेव्हा त्यांच्यासाठीही मुंबईत अहेर खरेदी झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ गेल्या तेव्हा इथे श्रद्धांजली वाहिली गेली. आणि ६ मे २०२३ रोजी चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला, त्या निमित्ताने संस्थेच्या मंडळींनी त्यांच्यासाठी एक पुणेरी पगडी आणि वारकऱ्यांचे उपरणे घेतले. उपरण्याला अडचण नाही, ते कुणाच्याही खांद्यावर शोभते. पगडी मात्र बांधीव असते, तिला डोक्याचे माप लागते, आणि राजाच्या डोक्याचे माप विचारायची सोय नसते. २००५ साली फेटा नेला होता, ते त्या दृष्टीने जास्त शहाणपणाचे होते.